सात पाण्यांचा गहू

गिरणी बंद पडून एकवीस दिवस झाले होते, तरी गिरणीवाला रोज सकाळी कुलूप काढायचाच. बंद म्हणजे बिघडलेली नव्हे. इंजिन ठणठणीत होतं. पट्टा नवा नसला तरी धड होता. दोन्ही दगडांना त्याने गेल्याच आठवड्यात छिन्नीने टाकी घालून खरखरीत केलं होतं. तीस वर्षं टाकी घालताना उडालेले पोलादाचे कण त्याच्या डाव्या हाताच्या पाठीवर कायमचे रुतून बसले होते, काळे काळे, तिळासारखे. सगळं जागच्या जागी होतं. दळण तेवढं नव्हतं. डाळीमिरचीचं किरकोळ दळण येत होतं, तेही आटलं होतं.

तो आत जायचा, पत्र्याचं नरसाळं फडक्याने पुसायचा, पट्ट्यावरून हात फिरवायचा आणि उंबऱ्यात येऊन बसायचा. बायको समोरच्या घरातून हे बघायची.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," ती एकदा म्हणाली. "अहो, कालच पुसलं होतं की ते."

"धूळ बसते."

"पिठाची बसली असती तर मी खरवडून शिजवली असती."

तो हसला नाही. तीही हसायला म्हणून बोलली नव्हती.

ही वेळ आली कशी, हे गावात कुणालाही विचारलं तरी तो आधी काटेवाल्याकडे बोट दाखवायचा, कारण ती गोष्ट सांगावी तर काटेवाल्यानेच. एरंडाच्या वखारीत तो वजनकाट्यावर बसायचा आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "सरकारने परदेशात दोन घरी सोयरीक केली," तो म्हणायचा. "एक थोरले व्याही, एक धाकटे व्याही. दोघंही तालेवार, आणि दोघांचं एकमेकांशी जन्माचं वाकडं. मग काय, लेकीचे हाल विचारू नका."

थोरले आले आठ वर्षांपूर्वी, दुष्काळात. गलबतं भरून पीठ आणलं त्यांनी. मैद्यासारखं पांढरं, फुकट, पोत्यावर एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांचं चित्र. दुष्काळ सरला, पीठ सरलं नाही. दरमहा घरटी एक पोतं येतच राहिलं. आयतं पीठ दारात येत असेल तर शेतात गहू पेरून, कापून, मळून, वर गिरणीवाल्याच्या दारात रांग लावायला कोण जाईल? दोन वर्षांत गव्हाची शेतं गेली. मग धाकटे आले. त्यांनी पक्का रस्ता केला, वखार बांधली आणि सांगितलं, एरंड लावा, दाणा न् दाणा आम्ही घेतो. त्यांच्या कसल्याशा यंत्रांना ते तेल लागायचं. लोकांनी दाराच्या पायरीपर्यंत एरंड लावला. ओसाड गावी एरंडी बळी म्हणतात. इथे गाव भरलेलं होतं तरी एरंडाचंच राज्य झालं.

आणि यंदा सरकारने मोठं बंदर धाकट्यांना देऊन टाकलं, नव्व्याण्णव वर्षांसाठी. थोरले रुसले. व्याही रुसल्यावर काय करतात? वाढलेलं ताट ओढून घेतात. पुढच्याच महिन्यात पीठ बंद. एरंडाचे पैसे लोकांच्या गाठीला होते, पण बाजारात गहू असेल तर ना! सगळा मुलूखच एरंड पिकवत बसला होता, आणि एरंड काही खाता येत नाही.

गिरणीवाल्याचा मुलगा त्याच बंदरावर हमाल होता. जाताना तो एकच गोष्ट बोलला होता. "बाबा, चाळणीला उपाशी ठेवू नका. बाकी मला काही नको."

चाळण म्हणजे त्याची पाच वर्षांची मुलगी. तिच्या पोटात एक गोष्ट राहत नसे. आजीने साखर कुठे लपवली, आई कशाला रडली, आजोबा कुणाला काय पुटपुटले, सगळं पाच मिनिटांत गल्लीभर व्हायचं. म्हणून चाळण. गिरणीवाल्याचा तिच्यावर फार जीव होता. स्वतःच्या मुलाला त्याने कधी खांद्यावर घेतलं नव्हतं, हिला तो उतरू देत नसे. आणि आता ती पोर सकाळपासून दुपारपर्यंत भिंतीला टेकून बसायची, कुणाची चहाडी करायचं बळही तिच्यात उरलं नव्हतं.

दुपारचा तो वखारीत पोती उचलायला जायचा. वखारीच्या मुकादमाने त्याला पाठीवर आकडा असलेलं बनियन दिलं होतं. गावात ज्याला लोक उठून जागा द्यायचे, तो तिथे त्रेसष्ट होता.

"ए त्रेसष्ट, वाकून उचल," मुकादम ओरडायचा.

तो वाकून उचलायचा. काटेवाला काट्यावरची नजर काढत नसे, आपल्या मित्राची मान दिसू नये म्हणून.

*

बियाणं आलं ते अशा वेळी. धाकट्यांचे तीन ट्रक, नवे कोरे. 'पीठ देऊन आम्ही तुम्हाला मिंधं करणार नाही, बियाणं देऊन पायावर उभं करू,' असं ट्रकवर आपल्या भाषेत लिहिलं होतं. पोत्यांवर मात्र सगळं त्यांच्या भाषेत. वाटपाचा कारकून टेबल टाकून बसला. नाकाला रुमाल बांधलेला, हातात रबरी मोजे. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. गेल्या आठवड्यापासून विहिरीचा रहाट मोडला होता, अंगं धुतलेली नव्हती. गिरणीवाल्याची बायको दोन पावलं मागे सरकून उभी राहिली, आपला वास साहेबाला नको म्हणून.

"घरटी एक पोतं," कारकून म्हणाला. "पेरायला आहे. आधी अंगठा, मग फोटो, मग पोतं."

"पेरायला? आता?" गिरणीवाल्याने विचारलं. "पेरणीचे दिवस उलटून दीड महिना झाला, साहेब. जमीन अशी तडकलीय की फाळ आत जात नाही."

"कागदावर पेरणी व्हायचीय अजून."

"मग कागदावरच पेरू," काटेवाला मागून म्हणाला, आणि रांग हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

कारकुनाने एक छापील कागद खालमानेने भरभर वाचला. पेरणीसाठी, केवळ पेरणीसाठी, अन्य कारणासाठी वापरल्यास वाटप करणारे जबाबदार राहणार नाहीत. असे कागद गावाने आठ वर्षं ऐकले होते. पिठाबरोबर यायचे, तेलाबरोबर यायचे, ताडपत्रीबरोबर यायचे. लोकांनी अंगठे दिले.

घरी आणून पोतं सोडलं तर आतला गहू गुलाबी. लग्नाच्या अक्षतांसारखा गुलाबी. चाळण उठून बसली, तिने ओंजळ भरून घेतली आणि तिचे तळहात रंगले.

"आबा, रंगीत गहू! कसला वेडा गहू आहे!"

पोत्याच्या कोपऱ्यात एक चित्र होतं. गोलात हाताचा काळा पंजा आणि त्यावर आडवी रेघ. गिरणीवाला ते बराच वेळ बघत राहिला. संध्याकाळी त्याने काटेवाल्याला दाखवलं.

"थोरल्यांच्या पोत्यावर दोन हात होते, यांच्या पोत्यावर एक," काटेवाला म्हणाला. "आणि त्यावर रेघ. म्हणजे हात मारू नये. चोरांसाठी असणार."

"रंग कशाला लावलाय?"

"कीड लागू नये म्हणून. आपणही राख लावतोच की बियाण्याला."

हे गिरणीवाल्याला पटलं. बियाण्याला राख लावायची आणि वेळ आली तर धुऊन दळायची, हे त्याने लहानपणी बघितलं होतं. राख काही कुणाला मारत नाही.

*

चार दिवसांनी थोरल्यांची जीप आली. वर कर्णा. जीप काही थांबली नाही, गावातून सावकाश एक फेरी मारून निघून गेली. कर्णा सांगत होता, "ते धान्य खाऊ नका. ते विषारी आहे. ते धान्य खाऊ नका."

लोक दारात येऊन ऐकत होते. मग एक म्हातारा फिस्सकन हसला आणि सगळ्यांनाच हसू फुटलं. कारण हे काय आज ऐकत होते? धाकट्यांनी रस्त्याच्या कामावर गोडं तेल वाटलं तेव्हा हीच जीप आली होती, तेलाने आंधळे व्हाल म्हणून. गावाने ते तेल दोन वर्षं खाल्लं, कुणाला चष्माही लागला नाही. धाकटेही काही कमी नव्हते. थोरल्यांच्या पिठाने बायकांच्या कुशी मिटतात, असं त्यांच्या रेडिओने वर्षभर सांगितलं. त्याच वर्षी चाळण जन्मली आणि गावात आणखी एकवीस बाळंतपणं झाली.

"विहिणींची उणीदुणी," गिरणीवाल्याची बायको म्हणाली. "यांचं ऐकायचं तर दोघांच्याही ताटातलं जेवू नये."

"आणि कुणाच्या जेवावं?" सून म्हणाली.

ती फार बोलत नसे. कोपऱ्यात पोतं होतं, पन्नास किलोचं, आणि चुलीवर कसल्याशा पाल्याचं पाणी उकळत होतं.

त्या आठवड्यात चाळणीचे पाय सुजले. सुनेने घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. ते बघून गिरणीवाला उठला आणि म्हणाला, "धू तो गहू."

बायकोने मात्र घाई केली नाही. ती शहाणी बाई होती. तिने आधी मूठभर धुऊन कोंबडीपुढे टाकला. चार दिवस तीच कोंबडी, तोच गहू. शेजारच्या बायका रोज विचारायला यायच्या, "कशी आहे गं कोंबडी?" चौथ्या दिवशी कोंबडीने अंडं घातलं. यापुढे काय पुरावा हवा? ते अंडं चाळणीला दिलं आणि बायकोने पोतं ओढून विहिरीवर नेलं; रहाट आता दुरुस्त झाला होता.

सात पाण्यांनी धुतला तिने तो गहू. पहिलं पाणी रक्तासारखं, दुसरं गुलाबी, तिसरं फिकट. ती घासत होती, निथळत होती, परत घासत होती. सातव्या पाण्यानंतर पाटीतला गहू आपल्या गव्हासारखा झाला, पिवळसर, टपोरा. तिने तो उन्हात पसरला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. आजूबाजूच्या बायकांनीही आपापली पोती आणली. दोन दिवस विहिरीभोवतीची जमीन गुलाबी होती.

तिसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली.

इंजिनाने पहिला धूर सोडला तेव्हा सगळी गल्ली जमली. गिरणीवाल्याने पट्टा चढवला, दगड जुळवले, कान दगडाला लावून आवाज ऐकला आणि मग नरसाळ्यात पहिली पाटी ओतली. बोटांच्या चिमटीत गरम पीठ घेऊन चोळलं. किती वर्षांनी दाराबाहेर अशी रांग होती! रांगेतले लोक त्याला गिरणीवाले म्हणत होते, त्रेसष्ट नव्हे. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या, छाती पिठाने भरली, खोकला आला, तो खोकलासुद्धा त्याला गोड लागला.

दळणावळ म्हणून प्रत्येक पाटीमागे एक ओंजळ पीठ, हा बापाच्या वेळचा रिवाज होता. संध्याकाळी त्याच्या घरी डबा काठोकाठ भरला. अख्ख्या गावातलं थोडं थोडं पीठ त्यात होतं.

त्या दिवशी चाळण पोटभर जेवली. आजोबांनी आपल्यातलं तिला वाढलं, आईने आपल्यातलं वाढलं. आजी सगळ्यांच्या शेवटी बसायची आणि भांड्याला लागलेलं पुसून खायची. ती तशीच बसली. आठ दिवसांत पोरीच्या गालावर रंग आला. गल्लीत परत चहाड्या सुरू झाल्या. गिरणीवाल्याने बंदरावर मुलाला निरोप धाडला, पोर खुशाल आहे, काळजी करू नको.

तिकडे पहिलं बियाणं पेरलं गेलं, असं कागदावर झालंच होतं. म्हणून महिन्याने दुसरी खेप आली.

*

सगळ्यांत आधी त्याच्या स्वतःच्या बोटांना कळलं. चिमटीत पीठ घेतलं तर ते जाड आहे की बारीक, समजेना. त्याला वाटलं, थंडीने असेल. मग एक दिवस टाकी घालताना हातोडी बोटावर बसली, रक्त आलं, आणि दुखलंच नाही.

मग सून म्हणाली, "मामंजी, ओठांना मुंग्या येतात. दिवसभर."

मग ती कोंबडी. अंगणात ती गोल गोल फिरायला लागली, पंख टेकून पडली, उठली, परत पडली. चाळण आधी तिला हसली. "आबा, कोंबडी दारू प्यायली!" आणि तिला पकडायला धावली ती उंबऱ्यावर आपटली. उठली आणि भिंतीला धडकली. उंबरा तोच होता, भिंत तीच होती, पोर त्याच घरात चालायला शिकली होती.

"डोळे कुठे असतात गं तुझे?" आजी ओरडली.

"मधलं दिसतं," चाळण म्हणाली. "बाजूचं कुणीतरी झाकलंय."

गिरणीवाला वखारीत गेला. तिथे फोन होता. मुकादमाच्या हातापाया पडून त्याने बंदरावरच्या मुलाला फोनवर बोलावून घेतलं. इकडची तिकडची चौकशी न करता विचारलं, "ते बियाण्याचे गुलाबी गहू तुमच्याकडेच उतरतात ना?"

"हो, मीच उतरवतो. का?"

"कसे उतरवता?"

"कसे म्हणजे? मोजे घालून. तोंडाला फडकं बांधून. त्या पोत्यांना उघडा हात लावला तर दिवसाचा रोज कापतात. काम झालं की साबणाने आंघोळ करायला लावतात. बाबा? बाबा, ते पेरलंत ना तुम्ही?"

गिरणीवाल्याने फोन ठेवला. कारकुनाचे मोजे त्याला आठवले. रुमाल आठवला. आपली बायको दोन पावलं मागे सरकली होती, तेही आठवलं.

गिरणीवर पाटी घेऊन सतरा जण बसले होते. त्याने इंजिन बंद केलं, पट्टा उतरवला आणि दारात उभा राहिला. "घरी जा. हे दळायचं नाही. यात विष आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. धुतल्याने जात नाही ते. दाण्याच्या आत गेलंय."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग एक जण म्हणाला, "जीप काय येऊन गेली वाटतं तुझ्याकडे?"

"थोरल्यांनी काय दिलं रे?" दुसरा म्हणाला.

"माझी नात भिंतीला धडकते!" तो ओरडला.

"आमची पोरं भुकेने पडतात ती?" एक बाई पुढे आली. ती त्याच्या शेजारचीच होती, तिची मुलं त्याच्या अंगणात वाढली होती. "महिनाभर तुम्ही आमच्या पाटीतून ओंजळ ओंजळ घेतलीत. तुमचा डबा भरला. आता आमचंच दळण विषारी झालं होय?"

काटेवाला पुढे झाला आणि गिरणीवाल्याच्या हातून पट्टा घ्यायला लागला. "चल, सोड. तुझं डोकं फिरलंय. घरी जाऊन पड जरा." बोटांत धरायची ताकद नव्हती, पट्टा सरळ निसटून गेला. तीस वर्षांपासूनचा मित्र, तो त्याच्या देखत इंजिनाला हँडल मारू लागला.

गिरणीवाला आत गेला. कोपऱ्यातला घण उचलला आणि वरच्या दगडावर घातला. पहिला घाव सटकला. दुसऱ्याला दगडाची कड उडाली. तिसऱ्याला आरपार भेग गेली. कुणीतरी त्याला मागून धरलं, कुणीतरी तोंडात मारली, तो दाराबाहेर पडला. त्याचा दात पडला होता आणि ते त्याला दुसऱ्याने सांगावं लागलं.

गिरणी त्या दिवसापासून कायमची बंद झाली. त्याने काय साधलं? लोकांनी गहू अख्खाच शिजवून खाल्ला.

*

पुढच्या पंधरा दिवसांत गावाला कुणी काही पटवून द्यायची गरज राहिली नाही. माणसं दारुड्यासारखी चालू लागली. बोलायला गेली तर जीभ वळेना. पहिला गेला तो जीपला हसणारा म्हातारा. मग शेजारणीचे दोन मुलगे, एका दिवसाच्या अंतराने. काटेवाला अंथरुणाला खिळला. ज्याच्या जिभेला हाड नव्हतं त्याच्या जिभेला आता वळणही राहिलं नाही, तो नुसता घशातून आवाज काढायचा आणि गिरणीवाला समोर दिसला की डोळे मिटून घ्यायचा.

सून एका सकाळी उठलीच नाही. मुलगा आला. हाताचा स्पर्शही न कळणाऱ्या चाळणीला मांडीवर घेऊन दोन दिवस बसला. बापाशी एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बंदरावर परत गेला, कारण दुसरीकडे जाणार कुठे?

आणि गिरणीवाल्याची बायको धडधाकट होती. तिच्या बोटांना सुई कळत होती, तिला लांबचा ट्रक दिसत होता. ती शेवटी बसायची, भांडं पुसून खायची, म्हणून वाचली. ज्या पोरीला सगळ्यांनी आपल्या तोंडचं काढून वाढलं, तिच्याच अंगात ते जास्त भिनलं. हे कळलं तेव्हा त्या बाईने स्वतःच्या तोंडात मारून घेतली. नवऱ्याने तिचे हात धरले नाहीत. त्यालाही तेच करावंसं वाटत होतं.

मग दोन्हीकडचे आले. आधी धाकट्यांचा साहेब आला, कारकुनाला घेऊन. त्याने अंगठ्यांचा कागद पसरला. वाटप पेरणीसाठी झालं होतं. सूचना वाचून दाखवली होती. पोत्यावर खुणेचं चित्र होतं. बियाणं खाण्यासाठी दळण्याचं काम अमुक गिरणीवाल्याने केलं, त्याबद्दल मोबदलाही घेतला. "ओंजळ ओंजळ," कारकून म्हणाला. हे त्याला गावातल्याच कुणीतरी सांगितलेलं होतं.

दोन दिवसांनी थोरले आले. गावाबाहेर चार तंबू लागले, त्यातल्या एकात डॉक्टर, बाकी तिन्हींत कॅमेरे. एक डॉक्टरीणबाई, गोड चेहऱ्याची, चाळणीच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होती. तिच्याजवळ दुभाष्या होता.

"बाई म्हणतात, नातीला जहाजावर नेता येईल," दुभाष्या म्हणाला. "त्यांचं जहाज उभं आहे, त्यात मोठं हॉस्पिटल आहे. अंगातलं विष काढायचं औषध आहे."

"दृष्टी येईल?"

"लवकर नेलं तर थोडीफार, म्हणतात."

"मग आजच न्या."

"नेऊ. त्याआधी तुम्ही कॅमेऱ्यासमोर काय झालं ते सांगा. जगाला कळायला हवं ना."

तो सांगायला बसला. लोक आपल्याला खुनी म्हणतात हे त्याला माहीत होतं, आणि ते खोटं आहे असंही त्याला वाटत नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. "आठ वर्षं तुमचं पीठ आलं, म्हणून आम्ही गहू सोडला. बंदर त्यांना दिलं म्हणून तुम्ही पीठ बंद केलंत. आम्ही उपाशी राहिलो. मग त्यांनी हे बियाणं दिलं, तेही पेरणी उलटल्यावर. तुमची जीप आली, पण थांबली नाही. आम्हाला खरं वाटलं नाही. दळलं मी."

दुभाष्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो दोनच वाक्यं बोलला. कॅमेऱ्याजवळच्या माणसाने नकाराची मान हलवली.

"आबा, पिठाचं राहू द्या," दुभाष्या हळूच म्हणाला. "जीपचंही नको. धाकट्यांनी विष दिलं, एवढंच सांगा. तुम्ही दळलं हेही गाळा, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. पोरीचं नाव यादीत घालायचंय ना?"

गिरणीवाल्याने चाळणीकडे बघितलं. ती आवाज येईल त्या बाजूला मान वळवत होती, आणि दर वेळी थोडी चुकत होती.

"धाकट्यांनी विष दिलं," तो म्हणाला.

"परत एकदा. जरा मोठ्याने."

"धाकट्यांनी विष दिलं."

तीन वेळा त्याने ते सांगितलं. तिसऱ्या वेळी कॅमेरावाल्याचं समाधान झालं.

जहाजाची गाडी परवा येणार होती. बायकोने चाळणीचे दोन फ्रॉक धुऊन गाठोडं बांधलं. परवा झाला, तेरवा झाला. गाठोडं घेऊन तिघं रोज तंबूपाशी जाऊन बसायची. आठव्या दिवशी सकाळी गेली तर गडी तंबूंचे खुंट उपटत होते. डॉक्टरीणबाई निघून गेली होती. दुभाष्या सामान मोजत होता.

"जहाज?" गिरणीवाल्याने विचारलं.

"जहाज गेलं, आबा." त्याने वर बघितलं नाही. "परवा सही झाली राजधानीत. बंदर धाकट्यांकडे राहिलं, विमानतळ थोरल्यांना मिळाला. दोघंही खूश आहेत. तुमचं ते बोलणं आता दाखवणार नाहीत कुठे. आणि तुम्हीही बोलू नका, उगाच कशाला?"

"पण पोरीचं नाव यादीत होतं."

"यादी होती," दुभाष्या म्हणाला. "एक काम करा, इथेच थांबा. पिठाचे ट्रक आलेत. आजपासून परत सुरू."

ट्रक खरंच आले होते. पांढरं पीठ, पोत्यावर गुंफलेले दोन हात. ज्यांना उभं राहता येत होतं ते रांगेत उभे राहिले, बाकीच्यांना घरच्यांनी धरून आणलं. शेजारीण रांगेत त्याच्या पुढेच होती, तिने मागे वळून बघितलं नाही. आधी अंगठा, मग फोटो, मग पोतं. गिरणीवाल्याने अंगठा ठेवला. तो उमटला की नाही हे त्याला बोटाने कळलं नाही, कागद वाकून बघावा लागला.

फोटोवाला तरुण होता आणि घाईत होता. त्याला पोत्याशेजारी लहान मूल हवं होतं. त्याने चाळणीला पोत्यावर बसवलं, मागे सरला आणि चुटकी वाजवली. ती भलतीकडे बघत राहिली. त्याने शीळ घातली. तिने मान वळवली, पण चुकीची. मागची रांग खोळंबली.

"इकडे बघ म्हणावं तिला," फोटोवाला खुणा करत त्याच्या भाषेत काहीतरी बोलला, आणि पिठाच्या वाटपावरच्या कारकुनाने ते आपल्या भाषेत सांगितलं. "फोटो झाल्याशिवाय पोतं देता येत नाही."

बायको पुढे झाली, पण तिला ते जमेना, ती तोंडाला पदर लावून उभी राहिली. मग गिरणीवाला खाली बसला. त्याने पोरीची हनुवटी आपल्या बधिर बोटांत धरली, कॅमेरा कुठे आहे ते नीट बघून घेतलं, आणि तिचा चेहरा सावकाश तिकडे वळवला.

"आबा, काय आहे तिकडे?" चाळणीने विचारलं.

"पीठ आलंय," तो म्हणाला. "हस."

ती हसली. फोटो झाला. त्याने पोतं पाठीवर घेतलं, बायकोने पोरीला कडेवर घेतलं, आणि रांग एका माणसाने पुढे सरकली.